मला चोवीस इंची हवा होता

मी चोवीस इंची मॉनिटर मागितला होता. साधा. एक हजार ऐंशीचं रिझोल्यूशन, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा, टेबलावर मावेल असा. हे मी घरात इतक्या वेळा बोलले होते की आईला ते आकडे पाठ झाले होते, आणि भाजी निवडताना ती ते पाढ्यासारखे म्हणून मला चिडवायची. तरीही दिवाळीतल्या पाडव्याच्या दुपारी आमच्या बोरीवलीच्या वन बीएचकेत जी वस्तू आली ती दोन माणसांनी आडवी धरून जिन्याने वर चढवली, कारण लिफ्टमध्ये ती मावत नव्हती.

पंचावन्न इंची टीव्ही. फोर के.

असं का झालं ते कळायला आमचे बाबा माहीत हवेत. आजोबा गिरणीत होते, बाबा अंधेरीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. स्वभावाने अतिशय चांगला माणूस, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. घेतलेली वस्तू पूर्ण वापरायची, हा त्यांचा धर्म. पंखा घेतला की तो पाचवरच फिरणार. कोणी चारवर केला की, "मग पाच नंबर काय शोभेला दिलाय?" मिक्सरबरोबर तीन भांडी आली तर तिन्ही आठवड्यातून एकदा तरी लागलीच पाहिजेत. लग्नाच्या बुफेत एकही काउंटर चुकवायचा नाही, मग पोट बिघडलं तरी चालेल. आई याला वसुली म्हणायची. "यांची वसुली सुरू झाली," असं म्हणून ती आत निघून जायची आणि वसुली चालू राहायची.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गेम खेळायचे. टाइमपास म्हणून नाही, मन लावून. पाच-पाच जणींच्या दोन टीम, समोरची दिसली की पापणी लवायच्या आत निशाणा साधायचा, असा तो गेम. शिकवण्या करून जमवलेल्या पैशांतून मी पीसी जोडला होता. ग्राफिक्स कार्ड कांदिवलीच्या एका मुलाकडून जुनं घेतलेलं, पण दणकट. मॉनिटर मात्र बाबांच्या कारखान्याने भंगारात काढलेला होता. त्याच्या मधोमध एक हिरवी रेघ उमटली, मग दोन झाल्या, आणि दिवाळीच्या आधी तो कायमचा काळा झाला.

नेमक्या त्याच दिवसांत मला एका टीममध्ये घ्यायचं चाललं होतं. कॅप्टन मुलुंडची मुलगी, वयाने माझ्याएवढीच, पण बोलणं असं की समोरच्याने सरळ उभंच राहावं. मी तिला प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते, फक्त हेडफोनमधून ऐकलेली. ती म्हणाली होती, "हे बघ, पाचवी जागा रिकामी आहे. डिसेंबरात स्पर्धेची पात्रता फेरी आहे, त्यात तुला खेळवते. चांगली खेळलीस तर जागा तुझी. नाहीतर दुसरी एक थांबलीय, तिचा सेटअप पण भारी आहे. मी मैत्रीबित्री बघणार नाही, आधीच सांगते." मला ते फार आवडलं होतं. कॉलेजात, नातेवाइकांत, शेजारात मी कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी भाची होते. इथे मी निव्वळ माझ्या हातामुळे कोणीतरी होणार होते. मला ती जागा हवी होती, आणि त्याआधीच्या वीस-एकवीस वर्षांत दुसरं काहीही मला इतकं हवंसं वाटलेलं नव्हतं.

बाबांना हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. आणि म्हणूनच, "पोरीसाठी घ्यायचंय ना, मग पाडव्यालाच घेऊ आणि दणक्यात घेऊ," असं ठरलं.

स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. मी मॉनिटरच्या कोपऱ्याकडे वळले, आणि बाबा दारातच थबकले. समोरच्या भिंतीवर ओळीने मोठे टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ चालू होता. अळूच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतोय, मग पोपट मान वळवतोय, मग पुन्हा थेंब. बाबा त्या पोपटाकडे बघत राहिले. "अगं, पिसं मोजता येतायत," ते आईला म्हणाले. विक्रेत्याला तेवढं पुरे होतं. त्याने फोर के म्हणजे काय ते हात पसरून सांगायला सुरुवात केली. आडवे तीन हजार आठशे चाळीस ठिपके, उभे दोन हजार एकशे साठ, साध्या पडद्याच्या चौपट. चौपट हा शब्द बाबांच्या तोंडावर उजेड पाडून गेला.

मी म्हटलं, "बाबा, माझं कार्ड फोर केचं नाहीये. आणि हा टीव्ही साठ हर्ट्झचा आहे, मला..."

बाबांनी विक्रेत्यालाच विचारलं, "गेम चालतो ना याच्यावर?"

"सर, सब चलता है."

झालं. "आपला टीव्ही पण आता जायलाच आलाय," बाबा मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "एकात दोन कामं होतील. आणि पाडव्याला एवढूसं काहीतरी घेऊन जायचं का घरी? लोक काय म्हणतील?" आई माझ्याकडे बघत होती. तिला माझे आकडे पाठ होते. पण सणाच्या दिवशी दुकानात मुलीची बाजू घेऊन नवऱ्याशी वाद घालणाऱ्यांतली ती नव्हती. मी तोंडातल्या तोंडात चडफडत उभी राहिले आणि पोपटाने मान वळवली.

घरी आल्यावर खोक्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, टीव्हीला झेंडूचा हार घातला, पेढा दाखवला. शेजारचे बघून गेले. भिंतीवर तो उंच लावला, कारण खाली शोकेस होतं आणि शोकेस हलवायचा प्रश्नच नव्हता. मग माझा पीसी टीपॉयवर, मी पाटावर, आणि मान वर करून समोर पंचावन्न इंच. पुढच्या रांगेत बसून नाटक बघतात तशी डावीकडून उजवीकडे मान फिरवत शत्रू शोधायचा. आईचा पाय वायरीत अडकायचा आणि ती मालवणीत जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्याच दिवशी मी गेम फोर केवर लावून बघितला. मलाही मोह झालाच होता, खोटं कशाला बोलू? चित्र खरंच सुंदर होतं. भिंतीवरच्या विटांचे टवके दिसत होते. पण मी माउस फिरवला आणि जग जरा थांबून, मग गचका खाऊन फिरलं. कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतायत त्याचा, आकडा तिशीच्याही खाली. एक हजार ऐंशीला तेच कार्ड शंभराच्या वर आरामात जायचं.

बाबा मागे सोफ्यावर बसून बघत होते. म्हटलं, आता समजावून सांगण्याची हीच वेळ आहे.

"बाबा, बघा. साध्या पडद्यावर वीस लाख ठिपके असतात. याच्यावर ऐंशी लाखांच्या वर. कार्डाला प्रत्येक ठिपका रंगवावा लागतो, आणि एकदा नाही, सेकंदाला साठ वेळा, नव्याने. एवढी ताकद माझ्या कार्डात नाहीये. समजा आई चार माणसांच्या पोळ्या करतेय आणि दारात सोळा जण आले. तवा तोच. मग पोळी उशिरा येणार की नाही?"

बाबांनी विचार केला. मग म्हणाले, "मग गॅस मोठा कर."

"कार्डाला गॅस नसतो, बाबा!"

"तसं नाही गं. काहीतरी सेटिंग असेल ना जोर वाढवायचं. एवढी महागाची वस्तू आहे, ती काय उगाच आहे का?"

आतून आई म्हणाली, "सोळा जणांक पोळये कोण करतलो? भात घालीन." मी कपाळावर हात मारून घेतला. ते दोघं हसत होते, आणि मलाही हसू येत होतं, आणि त्याचाच मला राग येत होता. आमच्या घरात कुठलंही बोलणं असंच संपतं. सगळे हसतात आणि माझं म्हणणं तिथेच पडून राहतं.

शेवटी मी माझ्यापुरता तोडगा काढला. रिझोल्यूशन एक हजार ऐंशीवर आणलं, सावल्या-बिवल्या सगळं कमीत कमी, आणि टीव्हीच्या मेनूत खोल कुठेतरी गेम मोड सापडला तो चालू केला. हा गेम मोड फार महत्त्वाचा. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते जरा उशिरा दाखवतो. सिरियल बघताना कळत नाही, पण गेममध्ये बटण दाबल्यावर गोळी मागाहून सुटल्यासारखी वाटते. गेम मोडमध्ये टीव्ही तो नट्टापट्टा सोडून देतो. चित्र थोडं फिकट होतं, पण हात आणि डोळा जुळतात. एवढं करून खेळता येत होतं. चोवीस इंचीवर आलं असतं तसं नाही, पण येत होतं. महिनाभर मी त्या पाटावर बसून सराव केला. मान अशी धरली की सकाळी उठताना आईचा आधार घ्यावा लागायचा.

आणि बाबांच्या लक्षात आलं. पीसी जोडला की टीव्हीच्या कोपऱ्यात रिझोल्यूशनचा आकडा क्षणभर उमटायचा. दुकानात ऐकलेला आकडा बाबा विसरले नव्हते.

"एक हजार ऐंशी का दाखवतोय?"

"मी कमी केलंय, बाबा."

"का?"

पुन्हा तवा, पुन्हा पोळ्या. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, "आज किती?" घरातल्या आजारी माणसाचा ताप विचारावा तसं. मग त्यांनी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला गाठून ते कुठून बदलायचं तेही शिकून घेतलं. मी कॉलेजातून यायचे तेव्हा सगळं पुन्हा फोर केवर असायचं. मी खाली आणायचे, ते वर न्यायचे. मी चिडले, ओरडले, एकदा तर जेवलेही नाही. "राहू दे, राहू दे, हात नाही लावत," असं म्हणून ते गप्प झाले. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी चांगल्या दुधात पाणी घालून पितेय आणि ते त्यांना बघवत नाहीये. मला वाटलं, विषय मिटला.

पात्रता फेरी रविवारी दुपारी होती. बाबांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. कुठे जायचंय, विचारलं तर म्हणाले, "कुठे नाही, तुझी मॅच आहे ना." आईने देवापुढे दिवा लावला आणि मला नमस्कार करायला लावला. मग म्हणाली, "आधी डोक्यावरून पाणी घेऊन ये, बरं वाटेल." मी अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा पीसी चालू होता, गेम उघडून ठेवला होता, पाटावर जाड उशी होती, पाण्याचा तांब्या भरलेला होता. बाबा बाजूला हात बांधून उभे. परीक्षेला सोडायला आलेले पालक फाटकाबाहेर उभे असतात तसे. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी हेडफोन लावले तोवर कॅप्टन ओरडतच होती, "कुठेयस? सगळ्या आल्या, पटकन ये!" आणि मी कुठे काही न तपासता आत शिरले.

मॅचच्या पहिल्या फेरीत गेममधलं दार उघडलं आणि समोरचं जग गचका खाऊन पुढे सरकलं. मला वाटलं, आत्ताच सुरू झालाय, सावरेल. कोपऱ्यावरून एक मुलगी आली, मी बटण दाबलं, आणि माझी गोळी सुटायच्या आत मी मेले होते. दुसऱ्या फेरीतही तेच. मी मेनू उघडला. रिझोल्यूशन फोर के. सावल्या अल्ट्रा. प्रतिबिंबं अल्ट्रा. धूर, पाणी, गवत, जे जे वर नेता येतं ते सगळं वर नेलेलं. एका माणसाने बसून, एक एक ओळ वाचून, काही सुटू नये म्हणून काळजीने ते केलं होतं.

मी घाईघाईने खाली आणायला लागले. काही बदललं, काहीला गेम पुन्हा सुरू करावा लागेल म्हणून सूचना आली. मधेच बाहेर पडलं तर परत घेणार नाहीत, हा नियम आयोजकांनी सकाळीच सांगून ठेवलेला. मी मेनूत असतानाच तिसरी फेरी गेली. फ्रेम जरा वाढल्या, पण बटण दाबलं की हात अजून मागेच. तेव्हा कळलं, गेम मोडही गेला. चित्राचे रंग एकदम भडक होते.

"बाबा, रिमोट!" मी मान न वळवता ओरडले.

"काही नको गं," मागून बाबा म्हणाले. आवाजात इतकं समाधान होतं. "सगळं मी टॉपला लावलंय. आज तुझा दिवस आहे. तू बिनधास्त खेळ."

"रिमोट द्या आधी!"

"अगं, बघ तरी किती झकास दिसतंय..."

रिमोट सोफ्याच्या उशीखाली गेला होता. आई शोधायला लागली, बाबा शोधायला लागले, ते दोघं एकमेकांना धडकले. तो माझ्या हातात आला तोवर आमची वाट लागली होती. कॅप्टन आधी ओरडत होती, मग तिने ओरडणंही सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटच्या काही फेऱ्या मी बऱ्या खेळले. त्यांना काही अर्थ नव्हता.

मॅच संपल्यावर बाकीच्या निघून गेल्या. कॅप्टन थांबली.

"एक विचारू? हे तुझं खेळणं नव्हतं. मी महिनाभर बघतेय तुला. नेट गेलं की पीसी? खरं सांग. पीसीचा प्रॉब्लेम असेल तर मी टीममध्ये तसं बोलून बघते, पुढच्या आठवड्यात अजून एक मॅच आहे, तुला आणखी एकदा खेळवीन. पण कारण पाहिजे ना यार."

कारण माझ्या उजव्या हाताला इस्त्रीच्या शर्टात उभं होतं. मी हेडफोनच्या माइकमध्ये बोलले असते तर ते शब्द त्यांच्या कानावर पडणारच होते. एकच वाक्य होतं. बाबांनी सेटिंग बदललं. महिनाभर मी त्यांच्यावर ओरडले होते, ताट ढकललं होतं, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता खरंच ओरडायचा हक्क होता, डोकं सटकलेलं होतं, आणि ते एवढंसं वाक्य काही तोंडातून निघेना. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला होता की मला स्वतःचीच भीती वाटली. आणि तरी निघेना.

"काही प्रॉब्लेम नव्हता," मी म्हटलं. "मीच वाईट खेळले."

 "ठीक आहे," ती म्हणाली. "मग मला दुसरीला घ्यावं लागेल." मी हो म्हटलं आणि हेडफोन काढले.

 आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबा सोफ्यावर अगदी कडेला टेकले, थोडे पुढे वाकले.

"क्लिअर दिसत होतं ना पण?"

"हो, बाबा. एकदम क्लिअर."

"मग हरलीस कशी गं?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. सगळं वर लावलं होतं, एकही गोष्ट अर्धी ठेवली नव्हती.  पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला माझ्या अंगात आता बळ नव्हतं.

"समोरच्या चांगल्या खेळल्या," मी म्हटलं.

बाबांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळहळून म्हणाले, "मला वाटतंच होतं. अजून मोठा घ्यायला हवा होता."

मग मात्र मला रडू आवरेना. बाबा उठून माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि पाठीवर हात फिरवत राहिले. मी हरले म्हणून रडतेय, असं त्यांना वाटत होतं.